नरेंद्र करमरकरांनी नेमकं काय केलं, आणि त्यातलं आज काय चालू आहे

प्रश्न असा आहे: "मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नरेंद्र करमरकरांचं नाव कॉलेजात एका वाक्यात उरकलं गेलं. त्यांनी नेमकं काय शोधलं? ते आज वापरात आहे, की ती फक्त १९८४ ची बातमी होती? आणि अल्गोरिदम या विषयात करिअर करायचं असेल तर त्यांच्या वाटचालीतून काय घ्यावं?"

मी बावीस वर्षं नियोजनाची गणितं सोडवतो. कोणत्या संकलन केंद्राचं दूध कोणत्या टँकरनं कुठे न्यायचं, कोणत्या पाळीला किती माणसं लावायची, कोणता माल कोणत्या गोदामात ठेवायचा, अशी कामं. त्यासाठी जे सॉल्व्हर (अशी गणितं सोडवणारं तयार सॉफ्टवेअर) वापरतो त्यात 'बॅरिअर' नावाचा एक पर्याय असतो. तो पर्याय तिथे आहे तो करमरकरांमुळे. मात्र तो निवडल्यावर आत जे चालतं, तो त्यांचा १९८४ चा अल्गोरिदम जसाच्या तसा नसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोक त्यातली सोयीची एकच सांगतात, म्हणून कुणाला करमरकर म्हणजे चमत्कार वाटतात, तर कुणाला नुसता गाजावाजा.

आधी मूळ गणित. बारावीला आलेख काढून लिनिअर प्रोग्रामिंगची उदाहरणं सोडवली असतीलच: दोन चल, चार-पाच अटी, त्या अटींच्या रेषांनी वेढलेला एक बहुभुज, आणि त्याचे कोपरे एकेक करून तपासायचे. सर्वात कमी खर्च कुठल्यातरी कोपऱ्यावर मिळतोच. खऱ्या कामात चल दोन नसतात, दोन लाख असतात. मग तो बहुभुज राहत नाही, दोन लाख मितींमधलं बहुतल होतं, आणि त्याचे कोपरे मोजायला विश्वाचं वय पुरणार नाही.

जॉर्ज डान्टझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत दिली. एका कोपऱ्यावर उभं राहायचं, शेजारच्या कोपऱ्यांपैकी जिथे खर्च कमी होतो तिथे कडेकडेनं जायचं, आणि कमी होणं थांबलं की थांबायचं. व्यवहारात ही पद्धत आश्चर्य वाटावं इतकी चांगली चालते. पण व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी १९७२ मध्ये असा एक वाकडा घन रचून दाखवला की त्यावर डान्टझिग यांच्या नियमानं चालणारी सिम्प्लेक्स सगळेच्या सगळे कोपरे फिरते. ५० चलांच्या अशा घनाला २ चा ५० वा घात इतके कोपरे असतात. सेकंदाला दहा लाख कोपरे ओलांडणारा संगणक घेतला तरी सुमारे ३५ वर्षं लागतील. असं उदाहरण रोजच्या कामात भेटत नाही, पण 'कधीच भेटणार नाही' अशी हमीही देता येत नाही.

ती हमी १९७९ मध्ये सोव्हिएत गणिती लेओनिद खाचियान यांनी दिली. त्यांच्या एलिप्सॉइड पद्धतीनं सिद्ध झालं की लिनिअर प्रोग्रामिंग पोलिनॉमिअल वेळात सुटतं, म्हणजे प्रश्न वाढला की वेळ त्याच्या आकाराच्या एखाद्या ठराविक घातानंच वाढतो, २ च्या घातासारखा उसळत नाही. सिद्धांत म्हणून हे फार मोठं होतं, पण प्रत्यक्ष चालवायला घेतलं की ती पद्धत इतकी हळू की उद्योगात कुणी तिला हात लावला नाही. म्हणजे १९८० च्या सुमाराला चित्र असं: एक पद्धत वेगवान पण हमी नसलेली, दुसरी हमीची पण रखडणारी.

करमरकरांचा जन्म ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला. १९७८ मध्ये ते आयआयटी मुंबईतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन बाहेर पडले, पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची एमएस, आणि १९८३ मध्ये बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी. पीएचडीचा विषय लिनिअर प्रोग्रामिंग नव्हता, एनपी-हार्ड प्रश्न होता, म्हणजे ज्यांना पोलिनॉमिअल वेळाची पद्धत कुणालाच माहीत नाही असे प्रश्न. इथे जरा थांबतो, कारण १९८४ च्या झगमगाटात त्यांच्या आधीच्या कामाकडे कुणी बघत नाही, आणि माझ्या मते करमरकर समजून घ्यायला तेच जास्त उपयोगी आहे.

१९८२ मधलं त्यांचं आणि कार्प यांचं एक काम बघा. काही संख्या दिल्या आहेत, त्यांचे असे दोन गट करा की बेरजा शक्य तितक्या जवळ येतील. समजा ८, ७, ६, ५, ४. नेहमीची घाईची पद्धत म्हणजे मोठ्यापासून सुरुवात करून प्रत्येक संख्या कमी बेरजेच्या गटात टाकायची. त्यात शेवटी १७ आणि १३ असे गट होतात, फरक ४. करमरकर-कार्प पद्धत म्हणते: दोन सर्वात मोठ्या संख्या घ्या, त्या वेगवेगळ्या गटांत जातील एवढंच आत्ता ठरवा, कोणती कुठे ते नंतर बघू; त्यांच्या जागी त्यांचा फरक लिहा. ८ आणि ७ गेले, १ आला. ६ आणि ५ गेले, आणखी एक १ आला. उरले ४, १, १. त्यातून ३ आणि १, त्यातून २. मागे येत गट लावले की ८ व ६ एकीकडे, ७, ५ व ४ दुसरीकडे: १४ आणि १६. सर्वोत्तम उत्तर इथे शून्य फरकाचं आहे (८ आणि ७ एकत्र), तेव्हा ही पद्धत अचूक नाही. पण निर्णय पुढे ढकलून फक्त नातं पक्कं करायचं, ही कल्पना किती देखणी आहे! दोन कामगारांत कामं वाटायची असोत की दोन ट्रकांत वजन, मी ही युक्ती आजही वापरतो, आणि प्रोग्राम वीस ओळींच्या आत बसतो.

दुसरं काम त्याच वर्षीचं, बिन पॅकिंगवरचं. ठराविक मापाच्या खोक्यांत वेगवेगळ्या आकाराच्या वस्तू भरायच्या आणि खोकी कमीत कमी वापरायची. त्यांनी दिलेल्या पद्धतीत सर्वोत्तम संख्येपेक्षा फार तर तिच्या लॉगच्या वर्गाच्या पटीत जादा खोकी लागतात. ही मर्यादा तीन दशकं कुणाला सुधारता आली नाही. २०१३ मध्ये थॉमस रोथफॉस यांनी ती पहिल्यांदा खाली आणली. आता यातली महत्त्वाची गोष्ट: या पद्धतीच्या पोटात एक अवाढव्य लिनिअर प्रोग्राम सोडवावा लागतो, आणि त्यासाठी त्यांनी खाचियान यांच्या एलिप्सॉइड पद्धतीचाच आधार घेतला होता. म्हणजे ती पद्धत कुठे अडते हे त्यांना वापरून माहीत होतं. दोनच वर्षांत तिच्यापेक्षा सरस पद्धत त्यांच्याच हातून यावी, हा मला योगायोग वाटत नाही.

१९८४ मध्ये ते न्यू जर्सीतल्या एटी अँड टी बेल लॅब्जमध्ये होते. त्यांचा अल्गोरिदम त्या वर्षी आधी वॉशिंग्टनच्या परिषदेत आणि मग 'कॉम्बिनेटोरिका' या हंगेरीच्या नियतकालिकात आला. कल्पना शब्दांत सांगतो, वहीवर त्रिकोण काढून वाचा.

कडेकडेनं जायचंच नाही, बहुतलाच्या आतून जायचं. अडचण अशी की आतला बिंदू एखाद्या भिंतीला चिकटला असेल तर पुढचं पाऊल केसभरच टाकता येतं. त्यावर करमरकरांनी काय केलं? बिंदू हलवण्याआधी सगळी जागाच अशी ताणली की तो बिंदू बरोबर मध्यावर येईल. तीन चलांचा त्रिकोण घ्या, चलांची बेरीज १, आणि सध्याचा बिंदू ०.८, ०.१५, ०.०५. प्रत्येक चलाला त्याच्या सध्याच्या किमतीनं भागा आणि पुन्हा बेरीज १ होईल असं करा. बिंदू झाला एक तृतीयांश, एक तृतीयांश, एक तृतीयांश. आता तिन्ही भिंती बिंदूपासून सारख्याच अंतरावर. त्रिकोणाच्या आत मावणारं वर्तुळ काढा, त्यात खर्च सर्वात वेगानं उतरतो त्या दिशेला पाऊल टाका (मूळ निबंधात त्रिज्येच्या पाव भागाइतकं), आणि ताण सोडून मूळ जागेत परत या. पुन्हा ताणा, पुन्हा पाऊल, पुन्हा परत. कोपऱ्यात अडकलेल्या माणसाला ढकलण्याऐवजी खोलीच त्याच्याभोवती फिरवून घेण्यासारखं आहे हे.

पण ताणल्यावर सरळ खर्चाचं फलन सरळ राहत नाही. मग प्रगती मोजायची कशानं? त्यासाठी त्यांनी एक पोटेन्शिअल फलन घेतलं: प्रत्येक चलासाठी खर्च भागिले ते चल, त्याचा लॉग, आणि या सगळ्यांची बेरीज. जागा ताणली तरी हे फलन आपलं रूप टिकवतं, आणि प्रत्येक पावलाला किमान एका ठराविक आकड्यानं खाली येतं. इथे सिद्धता बसते. एन म्हणजे चलांची संख्या आणि एल म्हणजे प्रश्न लिहायला लागणारे बिट धरले, तर पावलं एन गुणिले एल या प्रमाणात लागतात. प्रत्येक पावलाला समीकरणांचा संच सोडवायचा, त्याला साधारण एनचा घन इतकं काम. पण सगळीच चलं दर पावलाला फारशी बदलत नाहीत, म्हणून जुनं गणित डागडुजी करून वापरता येतं आणि सरासरी काम एनच्या अडीचाव्या घातावर येतं. एकूण झालं एनचा साडेतीनावा घात गुणिले एल. एलिप्सॉइडपेक्षा हे एनच्या अडीचाव्या घातानं कमी. एन १,००० असेल तर मर्यादेतला हा फरक तीन कोटी पटींहून जास्त होतो.

१९ नोव्हेंबर १९८४ ला ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. गणिताच्या निबंधाला ते भाग्य क्वचितच मिळतं. त्यामागोमाग वादही आला. सिम्प्लेक्सपेक्षा कितीतरी पट वेग मिळतो असं सांगितलं जात होतं, पण चाचण्यांचा तपशील कंपनी उघड करत नव्हती. बाहेरच्या संशोधकांनी निबंध वाचून लिहिलेले प्रोग्राम तो वेग दाखवत नव्हते. १९८६ मध्ये गिल, मरे, सॉन्डर्स, टॉमलिन आणि राइट यांनी दाखवलं की करमरकरांची पद्धत आणि जुनी लॉग-बॅरिअर पद्धत (भिंतीजवळ जाल तसा खर्चात लॉगच्या रूपानं दंड वाढवणारी) यांच्यात खोल साम्य आहे. लॉग-बॅरिअरची कल्पना नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ रॅग्नर फ्रिश यांच्याकडे १९५५ पर्यंत मागे जाते. आणखी शोधलं तेव्हा सापडलं की सोव्हिएत गणिती दिकिन यांनी १९६७ मध्येच अशीच, थोडी साधी ताणण्याची पद्धत छापली होती आणि पश्चिमेत कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

मग करमरकरांचं श्रेय कमी झालं का? मी ठामपणे नाही म्हणेन. बॅरिअर पद्धती १९७० च्या दशकात वापरातून जवळजवळ गेल्या होत्या. दिकिन यांच्या निबंधात पोलिनॉमिअल वेळाची सिद्धता नव्हती. आतून जाणारी वाट हमीचीही असू शकते आणि वेगवानही, हे पहिल्यांदा सिद्ध करून ठासून मांडलं ते करमरकरांनी. त्या एका निबंधानंतर दहा वर्षांत या विषयावर हजारांहून अधिक निबंध आले. त्यातूनच कोजिमा, मिझुनो आणि योशिसे यांची प्रायमल-ड्युअल पद्धत आली, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संजय मेहरोत्रांची १९९२ ची प्रेडिक्टर-करेक्टर पद्धत आली, आणि नेस्तेरोव्ह व नेमिरोव्स्की यांचा १९९४ चा सिद्धांत आला, ज्यानं हीच वाट लिनिअरच्या पलीकडच्या प्रश्नांनाही खुली केली. आजच्या बॅरिअर सॉल्व्हरच्या मुळाशी मेहरोत्रांची पद्धत असते.

गुप्ततेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मे १९८८ मध्ये एटी अँड टीला या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी कंपनीनं 'कॉर्बेक्स' नावाची आठ प्रोसेसरांची यंत्रणा ८९ लाख डॉलरना विकायला काढली. अमेरिकेच्या हवाई दलाच्या वाहतूक विभागानं ती घेतली. बाकी गिऱ्हाईक मोजकंच. गणिती पद्धतीचं पेटंट असावं का, हा वाद तेव्हापासून धगधगतोय. माझं मत विचाराल तर नसावं. पद्धत उघड झाली, इतरांनी तिच्यावर काम केलं, तेव्हाच ती माझ्यासारख्याच्या टेबलापर्यंत पोचली. तुलनेचे सविस्तर आकडे करमरकरांनी ॲडलर, रेसेन्डे आणि व्हेगा यांच्यासह १९८९ मध्ये छापले. ते चार वर्षं आधी आले असते तर बराच कडवटपणा टळला असता.

आता 'आज कुठे वापरतात' याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका दूध संघासाठी वाहतुकीचं नियोजन करत होतो. बरीच संकलन केंद्रं एकमेकांना समान अंतरावर, दर सारखे, त्यामुळे एकाच खर्चाची असंख्य उत्तरं. सिम्प्लेक्सला अशी जागा आवडत नाही; कोपऱ्यावरून कोपऱ्यावर जात राहते आणि खर्च तसूभर हलत नाही. रात्री लावलेलं गणित सकाळीही चालूच होतं. बॅरिअर लावलं, नऊ मिनिटांत उत्तर. पावलं पन्नासच्या आत. हे त्या पद्धतीचं वैशिष्ट्यच आहे: प्रश्न दसपट मोठा झाला तरी पावलांची संख्या फारशी वाढत नाही, साधारण २० ते ८० मध्येच राहते. वाढतं ते प्रत्येक पावलाचं काम.

पण त्या उत्तराचा कागद घेऊन मी वाहतूक बघणाऱ्या काकांकडे गेलो, तर त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "साहेब, या एका गावचं दूध पाच रस्त्यांनी थोडं थोडं का नेताय?" बरोबर होतं त्यांचं. पाचही रस्ते सारख्याच खर्चाचे होते, आणि आतून येणारी पद्धत अशा वेळी सर्वोत्तम उत्तरांच्या पृष्ठाच्या मधोमध थांबते, सगळ्यांना थोडं थोडं वाटून. सिम्प्लेक्स कोपऱ्यावर थांबली असती आणि बहुतेक रस्त्यांना शून्य दिलं असतं. यावर उपाय क्रॉसओव्हर: आतल्या उत्तरावरून जवळच्या कोपऱ्यावर नेणारी शेवटची पायरी. मी ती वेळ वाचवायला बंद ठेवली होती. तेव्हापासून ठेवत नाही.

म्हणून कोणती पद्धत 'जिंकली' या प्रश्नाला अर्थ नाही. ट्रक अर्धा पाठवता येत नाही, तेव्हा पूर्णांकांची अट येते, आणि मग एकच गणित थोडा थोडा बदल करून हजारो वेळा सोडवावं लागतं. तिथे ड्युअल सिम्प्लेक्स हा सिम्प्लेक्सचाच एक प्रकार सरस, कारण आधीच्या कोपऱ्यावरून तिला पुढे चालू करता येतं; बॅरिअरला जुन्या उत्तराचा तितका फायदा घेता येत नाही. पहिलं मोठं गणित मात्र बरेचदा बॅरिअर लवकर सोडवतं. चांगले सॉल्व्हर दोन्ही एकाच वेळी वेगवेगळ्या कोअरवर पळवतात आणि जे आधी पोचेल ते घेतात. एक गोष्ट खात्रीनं सांगतो: सिम्प्लेक्सवाल्यांनी १९८४ नंतर जी झेप घेतली, ती समोर तगडा प्रतिस्पर्धी उभा राहिला म्हणूनच.

सिद्धांताच्या बाजूलाही ही वाट आटलेली नाही. २०२२ मध्ये सहा संशोधकांनी, त्यात सुशांत सचदेवाही आहेत, जाळ्यातला कमाल प्रवाह जवळजवळ रेषीय वेळात काढायची पद्धत दिली. तिचा सांगाडा इंटिरिअर पॉइंटचाच (आतून जाणाऱ्या या पद्धतींचं रूढ नाव) आहे: पोटेन्शिअल फलन, आणि ते पावलागणिक खाली आणणं.

करमरकर पुढे १९९८ मध्ये मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आले. तोवर त्यांचं मन संगणकाच्या रचनेकडे वळलं होतं. १९९१ मध्येच त्यांनी एक निबंध दिला होता, ज्यात प्रोसेसर आणि मेमरी कशा जोडायच्या हे सांत भूमितीवरून (मोजक्याच बिंदूंच्या भूमितीवरून) ठरवलं होतं. सर्वात छोटं उदाहरण फानो प्रतलाचं: सात बिंदू, सात रेषा, प्रत्येक रेषेवर तीन बिंदू, आणि कोणत्याही दोन बिंदूंतून जाणारी रेषा एकच. बिंदू म्हणजे मेमरी, रेषा म्हणजे प्रोसेसर. दोन मेमरींमधल्या आकड्यांवर क्रिया करायची असेल तर ती कोणत्या प्रोसेसरनं करायची हे भूमितीच सांगते, आणि रांगेत टक्कर न होता सगळ्यांना काम मिळेल असं वेळापत्रक बसवता येतं. हा विचार मुळात इंटिरिअर पॉइंट पद्धतीतली विरळ (बहुतेक शून्यांनी भरलेल्या) मॅट्रिक्सची गणितं वेगानं सुटावीत म्हणूनच पुढे आला. पुण्यात टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजच्या उभारणीतही ते सुरुवातीला होते. तिथला 'एका' महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला, त्याआधीच ते बाहेर पडले होते. १९८८ चा फुल्करसन पुरस्कार आणि २००० चा पॅरिस कॅनेलाकिस पुरस्कार हे त्यांचे दोन मोठे सन्मान.

करिअरबद्दल. करमरकर लिनिअर प्रोग्रामिंगच्या घराण्यातले नव्हते, आणि ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. ते इलेक्ट्रिकलचे, पीएचडी दुसऱ्याच विषयात. पण ज्या हत्याराशी त्यांना रोज झुंजावं लागलं, त्याच्यातलं वैगुण्य त्यांनी निमूट सहन केलं नाही. तुम्हीही 'कोणता विषय गाजतोय' यावरून विषय निवडू नका. सहा महिने एखादा अल्गोरिदम खऱ्या डेटावर वापरा. तो कुठे रडवतो हे कळलं की प्रश्न आपोआप समोर येतो. लिनिअर अल्जेब्रा पक्कं करा, अगदी मॅट्रिक्सचे तुकडे हातानं करण्याइतकं, कारण करमरकरांच्या निबंधाचा निम्मा जीव त्या अडीचाव्या घातात आहे. आणि आपले आकडे व प्रोग्राम उघड ठेवा.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर या आठवड्यात वर सांगितलेला तीन चलांचा त्रिकोण पायथनमध्ये बसवा. साठ ओळींपेक्षा जास्त लागणार नाहीत. प्रत्येक पावलानंतर बिंदू कुठे आहे ते आलेखावर उमटवा. मग एडिनबरा विद्यापीठातून आलेला 'हाय्ज' हा मोफत सॉल्व्हर उतरवून घ्या, त्यात एकच प्रश्न एकदा सिम्प्लेक्सनं आणि एकदा इंटिरिअर पॉइंटनं सोडवा, क्रॉसओव्हर चालू आणि बंद ठेवून. दोन उत्तरं वेगळी आली आणि खर्च मात्र तंतोतंत सारखा निघाला की मूळ निबंध उघडा. पहिली दोन पानं लगेच कळतील. पोटेन्शिअल फलनापाशी अडखळाल, तिथे घाई करू नका. मला तो भाग समजायला तीन आठवडे लागले होते.